तरोट्याची सावली

खानदेशातल्या माणसाला ऊन दाखवावं लागत नाही. चैत्र निम्मा सरला की ते सकाळी आठलाच उंबऱ्याशी येऊन बसतं, दहाला ओसरी ताब्यात घेतं, दुपार होईतो जळगावचा डांबरी रस्ता चपलेला चिकटू लागतो, आणि पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या दिवशी भुसावळच्या फलाटावर उतरणारा परगावचा प्रवासी डब्याच्या दांडीवरचा हात चटकन काढून घेतो. आम्ही या उन्हापासून लपत लपतच मोठे झालो. डोक्याला उपरणं, कानांवर रुमाल, खिशात कांदा, खिडकीला गोणपाट आणि गोणपाटावर तांब्या-तांब्यानं पाणी. एक ते चार गल्ली ओस. आणि तरी घराचं वर्षाचं सगळं बस्तान त्याच उन्हाच्या भरवशावर. धाब्यावर जुन्या धोतरांवर पसरलेल्या बिबड्या, कुरडया, पापड, लाल मिरच्या, चिंचेचे गोळे, धुतलेले गहू. पहाटे अंधारात उठून शिजवलेला ज्वारीचा घाटा आणि तिसऱ्या प्रहरी त्याचा झालेला हलका, कडकडीत, उजेड आरपार जाऊ देणारा पापुद्रा. आमच्या घरातला सगळ्यात कष्टाळू गडी तोच, आणि सगळे त्याला टाळून असत.

त्या गड्याला चित्र काढता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

सायनोटाइप म्हणतात त्याला. लोखंडाचे दोन क्षार वेगवेगळ्या काचेच्या भांड्यांत विरघळवायचे. शंभर मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभरात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. एक हिरवट, दुसरं केशरीकडे झुकलेलं पिवळं. दोन्ही सारखी मिसळायची, रुंद कुंचल्यानं जाड कागदावर ओढायची, अंधारात वाळवायची. मग वर पान, काडी, गवत, काय हवं ते. त्यावर जुन्या फोटोफ्रेमची काच, कडेला चिमटे, आणि उन्हात. कॅमेरा नाही, भिंग नाही. रसायनांच्या दुकानात चिठ्ठी दिली तेव्हा काउंटरवरच्या माणसानं ‘सायनाइड’ वाचून चष्म्यावरून माझ्याकडे एकवार नीट पाहून घेतलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं. पण या क्षारात ते विष लोखंडानं इतकं घट्ट धरून ठेवलेलं असतं की आम्लात घातलं नाही आणि आगीवर तापवलं नाही तर ते आपली जागा सोडत नाही. शेवटी कागदावर जो निळा उरतो, तोच निळा थॅलियमची विषबाधा झालेल्या माणसाला औषध म्हणून पोटात देतात.

माझं हे सगळं चालतं ते धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठच्या आमच्या जुन्या घरी. जळगावच्या फ्लॅटला गच्ची आहे, ऊनही हवं तेवढं; अंधार मात्र नाही. तिथं कागद वाळेपर्यंत कुठून ना कुठून उजेड घुसतो आणि कागद बिथरतो. धाब्याच्या घरात अंधार पिढ्यांचा साठवलेला. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, माजघराला खिडकीच नाही, वर लाकडी सऱ्यांवर तुडवलेली खारी माती आणि तिच्यात ठेवलेलं एक साणं. त्या साण्यातून उजेडाचा गोल आत उतरतो. सकाळी तो कोठीच्या खांद्यावर असतो, मग उतरंडीवरून मडकं मडकं खाली येतो, दुपारी जात्याच्या पाळीशी थांबल्यासारखा वाटतो, आणि कलतीला समोरच्या भिंतीवर चढता चढता विझतो. माझी मोठमाय या गोलावर चूल पेटवायची. गोल जात्याला टेकला की गडीमाणसं शेतातून निघाली असणार, तवा ठेवायचा. त्या अंधाराच्या पोटात तो एक गोल इतका जिवंत असे की आम्ही पोरं त्यात हात घालायचो, आणि हातावर धुळीचे कण सोन्याचे होऊन फिरायला लागले की ते मुठीत धरायचो आणि मूठ सावलीत नेऊन उघडायचो.

मूठ रिकामी.

आता कागद वाळवायचा असला की मी वर जाते आणि साण्यावर घमेलं पालथं घालते.

उजेडाला चित्र काढण्याची खोड मुळातच असते, याचा पुरावा मी लहानपणी पाहिलेला होता, फक्त तो पुरावा आहे हे कळलं नव्हतं. २४ ऑक्टोबर १९९५. दिवाळीतली अमावास्या आणि सकाळी सकाळी सूर्यग्रहण. आम्हाला आत कोंडून घातलेलं, पाण्यावर तुळशीपत्रं, ओटीवर कुणी फिरकायचं नाही. मी दाराच्या फटीला डोळा लावून बसले होते. समोर चुन्यानं नुकती पोतलेली भिंत, तिच्यावर अंगणातल्या निंबाची सावली, आणि सावलीत रोज जे कवडशांचे गोल गोल ठिपके हलायचे ते सगळेच्या सगळे त्या दिवशी कोरी झाले होते. शेकडो कोरी, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला, निंब हलला की सगळ्या एकदम डुलायच्या. पानांच्या फटीफटीतून येणारा प्रत्येक कवडसा हे सूर्याचंच छोटं चित्र असतं. एरवी सूर्य पुरता गोल, म्हणून आपण ते ठिपके समजतो. गावात कुणीही वर पाहिलं नव्हतं. सूर्य मात्र अख्ख्या भिंतीवर सांडला होता.

कागद उन्हात ठेवला की पहिल्या मिनिटालाच त्याचा रंग फिरतो. पिवळसर पोपटी, मग गवती, मग एक मळकट निळा, मग राखेची छटा, आणि पुरतं ऊन पिऊन झालं की त्याला कल्हई उडत आलेल्या भांड्याची करडी, किंचित चमकती झळाळी येते. वैशाखात हे पाच-सात मिनिटांत होतं. पौषातल्या तिरप्या कोवळ्या उन्हात त्याच्या दुप्पट वेळ जातो, आणि श्रावणात ढग आले-गेले तर अंदाजच करत बसावं लागतं. या वेळात करण्यासारखं काहीही नसतं. आपण आडोशाला उभं राहायचं आणि उन्हाला त्याचं काम करू द्यायचं. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण एका क्षारातल्या लोखंडाची जात बदलतात, ते बदललेलं लोखंड दुसऱ्या क्षाराला धरतं आणि त्या दोघांचा मिळून निळा रंग होतो, पाण्यानंही न जाणारा. जिथं ऊन पोचलं नाही तिथलं सगळं तसंच कच्चं राहतं. परातीत पाणी घालून कागद बुडवला की ते कच्चं पिवळं धुराच्या रेघांसारखं सुटू लागतं, खालून पांढरा कागद वर येतो, आणि भोवतीचा करडा हां हां म्हणता निळा होत जातो. आमच्या बोअरचं पाणी जड. ते या निळ्याला खाऊन टाकतं, म्हणून पहिल्या पाण्यात मी अर्धं लिंबू पिळते. नंतर कागद दोरीवर. दिवसभर हवा लागेल तसा निळा आणखी खोल होतो; संध्याकाळपर्यंत तो पांझरेच्या डोहाला मी फक्त लहानपणी पाहिलेला निळा असतो.

हे पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा परातीतल्या पाण्याकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले. निळ्यात पांढरं शुभ्र तरोट्याचं झाड, मुळापासून शेंड्यापर्यंत. वाटलं, उन्हानं काढलं. मग लक्षात आलं, उन्हानं काढलेलं आहे ते सगळं भोवतालचं. झाड जे आहे ते उन्हाला जिथं शिरता आलं नाही तिथं आहे. त्या चार बोटांच्या किरट्या रोपानं भर दुपारी आपल्यापुरती जेवढी जागा राखली, तेवढीच पांढरी राहिली होती.

ती त्याची सावली होती.

सावलीची किंमत आमच्या शिवारात कुणाला शिकवावी लागत नाही. कपाशीच्या निंदणीला बायका पातीला लागायच्या, खुरपी एका तालात चालायची, आणि बांधावरच्या एकुलत्या बाभळीखाली सगळ्यांचं बिऱ्हाड असायचं: भाकरीची फडकी, पाण्याच्या कळश्या, चपला, आणि फांदीला बांधलेल्या झोळीत माझा धाकटा भाऊ. बाभळीची सावली म्हणजे निम्मं ऊनच. शिवाय ती जागेवर थांबत नाही. तासाभरात ती कळश्यांवरून उठून चपलांवर जायची, चपलांवरून मोकळ्या ढेकळांत. तिच्या मागोमाग मी सगळं सरकवत राहायची; कळशी दोन हात इकडे, भाकरी तिकडे, आणि झोळीवर ऊन आलं की आईला हाक मारायची, म्हणजे ती मातीचे हात पदराला पुसत येई आणि झोळी दुसऱ्या फांदीला बांधून पुन्हा पातीला लागे. मोठ्यांची कामं वेगळी होती. माझं काम सावली सांभाळायचं. सूर्य माथ्यावर आला की बाभळीची सावली बुंध्याजवळ गोळा व्हायची, आणि तेवढ्यात दहा बायका पाठीला पाठ लावून भाकरी खायच्या. तेव्हा त्यांच्या हातांना येणारा उपटलेल्या तणाचा हिरवा, कडसर वास मला अजून कागदावर पानं मांडताना येतो.

त्याच तणाची मी आता चित्रं काढते, आणि मोठमायला हे काही केल्या समजत नाही. “हाई ते तरोटा शे,” ती म्हणते. “याम्हा काय देखनं?”

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. तरोट्याच्या एका पानाला पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात, टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी, आणि सांज झाली की त्या जोड्या एकमेकींना मिटवून घेतात. म्हणून तरोटा दुपारीच खुडावा लागतो, तो पुरता जागा असताना. खुडल्यावर रेंगाळलं तर तो काचेखालीच झोपेची तयारी करतो. पुढे त्याला त्या बारीक, विळ्यासारख्या वळलेल्या शेंगा येतात आणि छाप्यात त्या लिहिता लिहिता राहिलेल्या वेलांट्या वाटतात. कंबरमोडीचा देठ वीतभर लांब, टोकाला बोराएवढं फूल. तिचं बी म्हातारी होऊन उडायला आलेलं असेल तेव्हा काच अलगद ठेवावी, म्हणजे केस न् केस उमटतो. घोळीचं पान मांसल. ते काचेखाली वाफ धरतं आणि कागदाला डाग पाडतं, त्याच्या नादी मी लागत नाही. केळीचं पान तर जळगाव जिल्ह्याची शान, पण छाप्यात ते नुसतं पांढरं मैदान. वाऱ्यानं फाटलेली कडा असेल तर तेवढीच काय ती बोलते. आघाडा उत्तम. लव्हाळा उत्तम. पाटचारीच्या ओलीत वाढणारा माका बेताचा.

आणि सगळ्यांत देखणं उमटतं ते गाजरगवत. हे लिहायला जड जातं. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे परदेशी तण आता मोकळ्या प्लॉटांपासून रुळांपर्यंत सगळीकडे आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, माणसांच्या अंगाला त्याची खाज सुटते, कुणाला दमा. फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मी ते कापते. पण कागदावर त्याच्या पानाची जी नक्षी उतरते, कातरीत कातर, कडेला पुन्हा कड, ती कुठल्याच औषधी, पूज्य, गुणवंत वनस्पतीला मिळालेली नाही. तुळस त्याच्यापुढे ओबडधोबड दिसते. उन्हाला यातलं काही सांगून उपयोग नाही. ते कुणाची जात-पात, गुण-अवगुण न विचारता समोर आलेल्याची कड तेवढी पाहतं.

अंजनाचा छापा हा माझा लाडका. अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणि सातपुड्याच्या पायथ्याला हे झाड उभं असतं, लाकूड एवढं कठीण की कुऱ्हाड वैतागते, आणि पान मात्र जोडीचं, दोन छोट्या दळांचं, मध्ये देठाशी टेकलेलं. उन्हाळ्यात नवी पालवी तांबूस येते. ती इतकी कोवळी असते की तिच्यातून थोडं ऊन झिरपतंच. त्यामुळे छाप्यात ती पांढरी न येता फिकट, धुक्यातली निळी येते आणि आतल्या शिरा दिसतात. जुनं पान ऊन पूर्ण अडवतं. कोवळ्याला अडवणं जमत नाही. कागदाला चिकटून बसलेल्या पानाची कड सुरीनं कापल्यासारखी धारदार उमटते, तर देठाच्या जोरावर जरा वर उचललेल्या पानाची कड विरघळते, कारण सूर्य काही टिंब नव्हे, त्याला रुंदी आहे, आणि दूरच्या वस्तूची सावली तो कडांनी कुरतडतो. त्यामुळे सपाट कागदावर कुठलं पान जवळ होतं आणि कुठलं दुरावलेलं, हे सगळं राहून जातं. मुळात झाड किती उंच होतं ते कळत नाही. कुठं टेकलं होतं ते कळतं.

या रीतीचा शोध जॉन हर्शल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ साली लावला. आकाशाचा माणूस, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला जाऊन त्यानं दक्षिणेकडचे तारे नोंदले होते. पण ही रीत खऱ्या अर्थानं हाती घेतली ती त्याच्या मित्राच्या मुलीनं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. जन्मल्यावर थोड्याच काळात आई गेलेली, वडील शास्त्रज्ञ, त्यांच्याच सहवासात वाढली. त्यांनी भाषांतर केलेल्या शंखशिंपल्यांच्या ग्रंथासाठी तिनं तरुणपणी अडीचशेवर चित्रं काढून दिली होती. १८४३ मध्ये तिनं ब्रिटनच्या समुद्रशैवालांचे निळे छापे भागाभागानं काढायला सुरुवात केली आणि दहा वर्षं ते काम चालवलं. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते हेच, असं मानतात. मजकूरसुद्धा तिच्या हस्ताक्षरातला, तोही उन्हानंच छापलेला. प्रस्तावनेखाली सही फक्त ‘ए. ए.’. पुढे एका अभ्यासकानं त्या दोन अक्षरांचा अर्थ ‘कुणी अनामिक हौशी’ असा लावला. मला त्या गृहस्थाचा राग येत नाही. आमच्याकडे गोधड्यांवर तेवढीही अक्षरं नसतात.

अ‍ॅटकिन्सच्या शैवालांना निळा शोभतोच. पाण्यात वाढलेलं ते पाण्यातच तरंगताना दिसतं. आमच्याकडे समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे. साक्रीकडच्या बंधाऱ्यांवरून फडाचे पाट काढून पाणी पाळीपाळीनं वाटून घेण्याची जुनी शहाणी रीत आहे. पण निळं म्हणावं असं रोजच्या जगण्यात थोडकंच. जमीन काळी, कपाशी पांढरी, केळी हिरवी, मिरची लाल, आणि ज्याला जग निळं म्हणतं ते आभाळ वैशाखात जुन्या पत्र्याच्या रंगाचं. तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या ओळीभर निळ्या कागदांकडे पाहून गल्लीतली पोरं थबकतात ते उगाच नाही. एवढा निळा एका जागी त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला. आणि तो समुद्राशिवाय, फुलाशिवाय, दगडाशिवाय आला कुठून, तर लोखंड आणि ऊन यांतून. १७०६च्या सुमारास बर्लिनमधल्या एका रंगाऱ्याला लाल करायचा होता. त्याच्या भांड्यात हा निळा निघाला. शे-सव्वाशे वर्षांनी तो जपानच्या होकुसाईच्या लाटेत गेला, मग हर्शलच्या कागदावर, मग जगभरच्या बांधकामांवर. इमारतींचे, पुलांचे, इंजिनांचे निळे नकाशे कितीतरी दशकं याच रसायनानं छापले जात: तलम कागदावर काळ्या शाईची रेघ, ती ऊन अडवी, म्हणून खाली पांढरी उमटे. म्हणजे भिंत उभी राहण्याआधी तिची सावली पडलेली असे.

उजेडाच्या नादानं खानदेशात आयुष्य काढलेला एक माणूस होऊन गेला. केकी मूस. १९१२ साली मुंबईत पारशी घरात जन्मले, आणि आयुष्याची शेवटची जवळजवळ पन्नास वर्षं चाळीसगाव स्टेशनाजवळच्या दगडी बंगल्यात राहिले, १९८९ मध्ये जाईपर्यंत; बाहेर जवळपास पडलेच नाहीत. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांच्यावर उजेड कुठून किती टाकायचा एवढ्या भांडवलावर, खरीखुरी वाटावीत अशी दृश्यं ते उभी करत आणि त्यांचे फोटो काढत. त्यांच्याविषयी सांगताना लोक पंजाब मेलची गोष्ट सांगतात, त्या गाडीनं कुणी येणार होतं आणि ते रोज रात्री गाडीची वेळ होईपर्यंत दिवे, दारं उघडी ठेवून वाट पाहत, ती. गोष्ट गोड आहे. पण एवढ्या गोड गोष्टीखाली माणसाचं काम झाकलं जातं, असं मला वाटतं. त्या बंगल्यातल्या भिंतींवरचे फोटो पाहताना मला गाडी आठवत नाही. आठवतं ते हे, की बाहेर चाळीसगावचं ऊन पत्रे वाजवत असताना आत एक माणूस दिव्याचा एक किरण चार बोटं डावीकडे सरकवून सावली लांबवत बसला होता. ऊन ज्याला फुकट होतं, त्यानं उजेड थेंब थेंब वापरला.

आणि तीच रेल्वे पुढे जळगाव ओलांडून भादलीला जाते, जिथं धरणगावचा बालकवी १९१८च्या मे महिन्यात रुळांवर गेला, अठ्ठावीस वर्षांचाही झालेला नव्हता. गवताची, फुलांची, कोवळ्या उन्हाची भाषा त्याच्याइतकी कुणाला आली? त्याच पट्ट्यात रुळांच्या कडेला, खडीतून, मे महिन्यातही कंबरमोडी फुललेली असते. भुसावळहून येताना गाडी सिग्नलला थांबली की मी खिडकीतून ती पाहते. खाली उतरून खुडावीशी वाटते. गाडी सुटते.

हा निळा टिकतो, पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक धुण्याचा सोडा. सोड्याच्या पाण्यात बुडवलं की निळा पिवळा पडून पार जातो; त्या पिवळ्या कागदाला मग चहाचं नाही तर बाभळीच्या शेंगांचं पाणी दिलं तर त्यातला तुरटपणा लोखंडाशी मिळून शाईसारखा काळसर तपकिरी होतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई करणाऱ्यांना हे ठाऊकच होतं. दुसरं, ज्यानं जन्म दिला तेच ऊन. उन्हात टांगून ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत छापा फिकटतो. पण कपाटात, अंधारात ठेवला तर गेलेला रंग हळूहळू परत येतो. हवेतला प्राणवायू त्याला पुन्हा भरून काढतो, असं रसायनशास्त्र म्हणतं. मी एक छापा मुद्दाम विटू दिला आणि माजघरात कोठीमागे ठेवला. काही दिवसांनी काढला तर खरंच, झोप झालेल्या माणसागत तरतरीत.

गेल्या पावसाळ्यात मोठमाय मधल्या खोलीतून काठी टेकत ओसरीवर आली. वय झालंय, नजर अधू, तरी शेतावरचं सगळं तिला अजून बोटांनी कळतं. मी छापे ओसरीवर पसरून ठेवले होते. ती टेकली आणि एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली, नावं घेत. कुरडू. आघाडा. काटेमाठ. हा लव्हाळा, यानं आमचे हात फोडले. एका छाप्यावर ती थांबली. भुईला चिकटून चहूकडे पसरलेला सराटा होता, काट्यांसकट. तिनं पांढऱ्या आकारावरून बोट फिरवलं, काटा टोचतो का पाहिल्यासारखं, आणि म्हणाली, हा आपल्या खालच्या वावरातला. मी विचारलं, कशावरून? तर तिथं पाणी साचत नाही, मुरमाड आहे, सराट्याची फांदी अशी लांब, पानं अशी विरळ तिथंच होतात; वरच्या वावरात तो दाट होतो. खरं होतं. मी तो खालच्याच वावरातून आणला होता.

मग तिनं विचारलं, कुठं लावणार. मी म्हटलं, ओसरीत, दर्शनी. तिनं मान हलवली.

“कोठीवर लाव. तठे ऊन नही येस.”

आणि उठता उठता टोपलीत चाचपून पाहिलं. दुपारी खुडलेला कोवळा तरोटा, छाप्याला घेतलेल्या दोन काड्या सोडता, तसाच ओल्या फडक्यात होता. “इतला उरना?” ती म्हणाली. “आण आठे. भाजी करसू.”